निकमसरांचा अवैध साठा

मलकापूरच्या सहजीवन कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर एका मंगळवारी सकाळी एक पिकअप मागे मागे येत थांबली आणि तिच्यातून पाव ब्रास वाळू उतरली. पाव ब्रास म्हणजे पंचवीस घनफूट. एवढ्या वाळूत एक न्हाणीघरसुद्धा धड बांधून होत नाही. पण पुढच्या तीन महिन्यांत या वाळूने एका सरळमार्गी, पापभीरू, रस्ता मोकळा असला तरी सिग्नलला थांबणाऱ्या माणसाला सरकारदप्तरी आरोपी करून ठेवलं.

त्या माणसाचं नाव सयाजी निकम. कॉलनीत सगळे त्यांना निकमसर म्हणत. ते सर नव्हते. कराडला एका कॉलेजात ते बत्तीस वर्षं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. म्हणजे सर लोक यायच्या आधी लंबक टांगून ठेवायचा आणि सर लोक गेले की उतरवून पुसून कपाटात ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन इकडे राहायला आल्यावर कोणीतरी मागून 'सर' अशी हाक मारली आणि यांनी वळून पाहिलं. तेवढ्यावर ते पक्कं झालं.

वाळूचं वेड त्यांना शेजारच्या बंगल्याने लावलं. तो बंगला बांधायला काढला तेव्हा रस्त्याकडेला वाळूचा ढीग पडला होता. निकमांची नात राजेश्वरी, वय वर्षं चार, आई-बाप नोकरीवर गेले की दिवसभर आजी-आजोबांकडे असे. ती एका सकाळी त्या ढिगावर चढली ती संध्याकाळीच उतरली. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला शिवतेज आला, वय साडेपाच. मग मल्हार आला, वय तीन. मल्हारची आई सोनिया दवाखान्यात नर्स होती आणि त्याला सांभाळायला त्याची आजी हरणाबाई आटपाडीकडून येऊन राहिली होती. मल्हार अजून बोलत नसे. 'आई' आणि 'नको' एवढे दोन शब्द त्याच्याकडे होते आणि तो ते फार जपून वापरी. डॉक्टर म्हणाले होते, बोलेल, थोडा उशीर होईल.

आणि या तिघांची राखण करायला प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन निकमसर.

राखण हा शब्द त्यांनी बायकोला सांगण्यासाठी ठेवला होता. खरं म्हणजे ते बघत बसत. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना प्रयोग करताना पाहिलं होतं, पण त्या मुलांना उत्तर आधीच ठाऊक असे. ती उत्तर लिहून घेत आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं शोधत. इथे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा राजेश्वरीने उंच बाटलीतली वाळू पसरट ताटलीत ओतली. बाटलीत गळ्यापर्यंत दिसणारी वाळू ताटलीत एवढीशीच दिसायला लागली. तिने बाटलीत डोळा लावून पाहिलं. ताटली उचलून तिच्याखाली पाहिलं. मग शिवतेजच्या मुठी उघडून पाहिल्या. वाळू परत बाटलीत भरली, तर ती पुन्हा गळ्यापर्यंत. पुन्हा ओतली. असं अकरा वेळा झालं, निकमसरांनी मोजलं. बाराव्या वेळेला ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "तेवढीच आहे." आणि बाटली फेकून दुसरीकडे गेली. निकमसरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी घरी जाऊन हे बायकोला, मंगलताईंना, सांगितलं. मंगलताई म्हणाल्या, "म्हणजे सांडली नाही ना अंगावर?"

बंगला पुरा झाला, वास्तुशांत झाली, आणि उरलेली वाळू गवंडी घेऊन गेला. सकाळी तिन्ही पोरं झाडून काढलेल्या जागेवर उभी होती. मल्हार खाली बसला आणि डांबराच्या फटीत राहिलेले चार कण नखाने उकरू लागला. निकमसरांना ते पाहवेना. त्यांनी तिथूनच कुपवाडला फोन लावला. त्यांचा चुलतभाऊ तानाजी याचं तिथे लेथचं वर्कशॉप आहे, आणि त्याने नुकतीच शेड वाढवली होती.

"हाय की दादा," तानाजी म्हणाला. "पाव ब्रासभर पडलीया. कुत्री निजत्यात तिच्यात. उद्याच पाठवतो."

अशी ती वाळू आली. मोकळी जागा कॉलनीच्या नकाशात 'मुलांसाठी क्रीडांगण' म्हणून दाखवलेली होती, त्यामुळे कोणाला विचारायचं असतं हे निकमसरांच्या डोक्यातच आलं नाही. विचारावं लागलंही नाही. सगळे आपणहून सांगायला आले.

समोरच्या चंद्राबाई पहिल्या. कॉलनीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना फोडणीच्या आधी कळतं. त्या म्हणाल्या, "सर, वाळू म्हटलं की मांजरं आली. मांजरं आली की जंत आले. धुऊन घ्या." निकमसरांनी नळी लावून वाळू धुतली. धुतलेल्या वाळूतली बरीचशी गटारात गेली आणि उरलेल्या गढूळ पाण्याचा ओहोळ कॉलनीचे चेअरमन वीरधवल यांच्या नव्या गाडीखाली जाऊन थांबला. मग एका निवृत्त कंपाउंडरनी सांगितलं की नुसत्या पाण्याने काय होतं, खडेमीठ घाला. घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दोन म्हशी ढिगाशी उभ्या राहून वाळू चाटत होत्या आणि काठी दाखवली तरी हलत नव्हत्या. त्यांच्या मालकाने येऊन निकमसरांनाच विचारलं, माझ्या म्हशींना काय खायला घातलं. मीठ धुऊन काढण्यात पुन्हा थोडी वाळू गेली. मग मंगलताईंच्या भिशीतल्या कोणी हळदीचा उपाय सांगितला. ती इतकी मनापासून घातली गेली की संध्याकाळी तिन्ही पोरं पिवळीधमक होऊन घरी गेली. शिवतेजच्या आईने त्याचे डोळे ताणून पाहिले आणि त्याला कावीळ झाली म्हणून थेट रिक्षात घातलं.

एवढं होऊनही खेळ चालू होता. शिवतेजने साखर कारखाना काढला. त्याला माचिसच्या काड्यांच्या उसाच्या ट्रॉल्या येत आणि तो प्रत्येकीला "वजन करून घ्या" म्हणून दरडावी. राजेश्वरीने धरण बांधलं. ते रोज फुटे. रोज फुटलं की ती कमरेवर हात ठेवून पाणी कुठून गेलं ते बघे आणि दुसऱ्या दिवशी त्या ठिकाणी भिंत जाड करी. मग ते दुसरीकडून फुटे. निकमसर खुर्चीच्या कडेवर येऊन बसत. सांगावंसं फार वाटे. एकदा त्यांनी "अगं, खालून रुंद कर" एवढं म्हटलंच, तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यानंतर ते गप्प बसायला शिकले. चौसष्टाव्या वर्षी हेही शिक्षणच होतं.

मल्हार नुसता खडे वेचून आणी. खड्यांचा एक पुंजका करी आणि भोवती वाळूचा गोल बांध घाली. एक बाजू उघडी ठेवी. मग एकेक खडा बोटाने आत ढकली. चार-पाच दिवसांनी हरणाबाई वाकून बघत राहिल्या.

"सर, ह्ये वाडगं हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरांचं. ह्यो तर कवा आमच्या गावाला चार दिस बी ऱ्हायला न्हाई. कुणी शिकीवलं ह्याला?"

निकमसर म्हणाले, "तुम्ही काही सांगता का रात्री?"

"गोष्टी सांगती. पर ह्यो कुटं ऐकतोय, मला वाटायचं झोपतोय."

त्या क्षणी मल्हारने शेवटचा खडा ढकलला आणि म्हणाला, "चल आत." हरणाबाई मटकन खाली बसल्या. निकमसर उठून उभे राहिले. दोघेही काही बोलले नाहीत, कारण बोललं तर तो तिसरा आणि चौथा शब्द उडून जाईल अशी दोघांना भीती वाटली.

चेअरमन वीरधवल हा तसा वाईट माणूस नव्हे. त्याचं फरशी आणि पेव्हर ब्लॉकचं दुकान आहे, वय चाळीस, बोलणं गोड. त्याच्या मनात ती सगळी जागा पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायची होती. त्याने निकमसरांना समजावून सांगितलं. "सर, मुलांच्या विरोधात मी नाहीच. पार्किंग झाल्यावर कोपऱ्यात जी जागा उरेल तिथे आपण झोका बसवू." निकमसरांनी टेप घेऊन तो कोपरा मोजला. झोका बसला असता, पण त्याला पुढेच जाता आलं असतं. मागे भिंत होती. हे त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकृतीसकट टाकलं. त्यावर एकवीस अंगठे आणि एक 'सुप्रभात' आलं.

त्यानंतर आठव्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले. सोबत कोतवाल आणि एक लांब टेप.

"सर, वरून तक्रार आलीया," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं. "नदीच्या वाळूचा अवैध साठा. मला पंचनामा करावा लागतोय."

"साठा?" निकमसर म्हणाले. "अहो, ही मुलांची खेळायची वाळू आहे."

"नदीचीच हाय न्हवं?"

ती नदीचीच होती. सयाजी निकम खोटं बोलायला धजत नाहीत, निदान तोपर्यंत धजत नव्हते. ते हो म्हणाले.

पंच म्हणून चंद्राबाई आणि हरणाबाईंना बोलावलं. मग मोजमापाला सुरुवात झाली आणि अडचण आली. कागदावर ढिगाचा आकार लिहायचा होता. निकमसरांचा जुना स्वभाव उसळला. ते म्हणाले, "शंकू लिहा. घनफळ मी काढून देतो."

"शंकू कुटं हाय ह्यो?" भाऊसाहेब म्हणाले. "हितं विहीर हाय."

"विहीर नाही, धरण आहे," राजेश्वरी म्हणाली.

भाऊसाहेबांनी 'विहीर' खोडलं. कोतवाल फावडं घेऊन ढीग सारखा करायला गेला, तर शिवतेज आडवा झाला. कारखाना चालू आहे, हंगाम संपल्याशिवाय बंद करता येणार नाही, असं त्याने सांगितलं. त्यात चूक काही नव्हती. शेवटी घमेल्याने मोजायचं ठरलं. पोरांना हा नवा खेळ फार आवडला. घमेलं भरायचं, इकडून तिकडे ओतायचं, राजेश्वरी मोजणार. ती एकोणीसनंतर थेट तीसवर जाई, त्यामुळे दोनदा मोजावं लागलं. एकवीस घनफूट भरली.

"आली होती किती?"

"पंचवीस."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "मग चार घनफुटाची विल्हेवाट कुटं लावली?"

निकमसरांना आयुष्यात पहिल्यांदा विल्हेवाट या शब्दाने कोणी विचारलं होतं. त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "थोडी गटारात गेली. थोडी म्हशींनी खाल्ली. बाकीची या मुलांच्या चपलांतून आमच्या अंथरुणात आली आहे. येऊन बघा." भाऊसाहेबांनी लिहिलं, 'उर्वरित साठ्याबाबत समाधानकारक खुलासा नाही.' चंद्राबाईंनी सही केली. हरणाबाई म्हणाल्या, म्हशींचं लिवल्याबिगर मी अंगठा देत न्हाई. ते लिहिलं.

मग निकमसरांच्या हातात एक कागद पडला. सदर मुद्देमाल पुढील आदेशापर्यंत जप्त करून श्री. सयाजी निकम यांच्याच ताब्यात ठेवण्यात येत आहे, तो जागेवरून हलवू नये, त्यात घट होऊ देऊ नये. खाली त्यांची सही, आणि सहीखाली कंसात 'गैरअर्जदार'. बत्तीस वर्षांत ज्या माणसाने कॉलेजातली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती, त्याची ही सही मंगलताईंनी कागद उजेडात धरून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "आता निदान चंद्राबाईंना तरी नीट सांगा, त्या दूधवाल्याला काहीतरी वेगळंच सांगतायत."

कायदा पाळायचा म्हणून निकमसरांनी वाळूभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली. मुलं दोरीबाहेर उभी राहिली. राजेश्वरी रडली, शिवतेजने दगड मारून एक काठी वाकवली. मल्हार काहीच न करता दोरीला धरून बसला. तो दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्या दिवशीही. 'आई' आणि 'नको' एवढे दोनच शब्द पुन्हा त्याच्याकडे राहिले. पाचव्या दिवशी 'आई'ही ऐकू येईना.

सहाव्या दिवशी हरणाबाई निकमांच्या दारात आल्या. "आवं सर, त्यो कागुद वाचा की नीट."

निकमसरांनी चष्मा लावून वाचला.

"खेळायचं न्हाई आसं लिवलंय का कुटं?"

त्यांनी पुन्हा वाचला. हलवू नये. घट होऊ देऊ नये. मागचं पानही पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

"आन् मग दोरी कशापायी?"

निकमसर उठले, चप्पलही न घालता गेले आणि दोरी सोडली. मात्र शिस्तीचा माणूस असल्याने त्यांनी एक नियम घातला. जाताना प्रत्येकाने ढिगावर उभं राहून कपडे, खिसे, चपला झाडायच्या आणि मगच घरी जायचं. घट होता कामा नये. मुलांना तोही खेळच वाटला. मल्हार तर खेळायच्या आधीही झाडायला लागला.

आता वाळू सोडवायची म्हणजे ती कायदेशीर घेतल्याची पावती हवी. निकमसर महसूल कचेरीत गेले. बाकावर त्यांच्या शेजारी सोनेरी घड्याळवाला एक गृहस्थ बसला होता. त्याने आपुलकीने विचारलं, "वाळूच्याच केसला ना? किती गाड्या घावल्या?"

"एक पिकअप."

"किती ब्रास?"

"पाव."

"पाव म्हंजी?"

"एकाचा चौथा भाग," निकमसर म्हणाले. "नातीला खेळायला आणली होती."

तो गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. आपल्या संगतीने एखाद्याच्या धंद्याची अब्रू जाईल असं निकमसरांना कधी वाटलं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. "प्रयोजन?"

"लहान मुलांचा खेळ."

"घरबांधकाम, शासकीय काम, व्यावसायिक आणि इतर. यातलं सांगा."

"मग इतर."

"इतर लिहिलं की तपशील द्यावा लागतो."

"देतो की."

"तपशिलाला रकाना नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. त्यांनी हे रोज दहा जणांना सांगितलं असावं. "तुम्ही असं करा, मूळ पावती आणा. ज्याने पहिल्यांदा घेतली त्याच्या नावाची. ती दिली की प्रयोजनाचं कोणी विचारत नाही, त्याच दिवशी केस बंद होते."

तेवढ्यात आतून शिपायाने हाक दिली, "अवैध वाळूवाले निकम कोण?" साऱ्या व्हरांड्याने वळून पाहिलं. निकमसरही वळले. दुसरे कोणी निकम असावेत अशी आशा त्यांना एक क्षणभर वाटली.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने सांगलीला आणि तिथून रिक्षाने कुपवाडला गेले. तानाजीच्या वर्कशॉपमध्ये पावत्या भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवलेल्या होत्या. त्यावर लेथमधलं तेल उडून त्यांची एक जाड, काळपट भाकरी झाली होती. तानाजीने दोन कामगार लावले. दुपारी दोन वाजता ती पावती निघाली. तेलकट होती, पण क्रमांक, तारीख, शिक्का, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. निकमसरांनी ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि परतीच्या एसटीत दर पाच मिनिटांनी खिशावर हात ठेवून पाहिलं. आपण निर्दोष आहोत हे माहीत असणं वेगळं आणि त्याचा कागद खिशात असणं वेगळं. कधी एकदा तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो असं त्यांना झालं होतं.

कॉलनीच्या फाटकाशीच वीरधवल भेटला.

"काय सर, कुपवाडला गेला होतात म्हणे. मिळाली का पावती?"

निकमसर हो म्हणणार एवढ्यात तो पुढे बोलला. "मिळाली तर बरंच झालं. उद्या केस बंद होईल. शुक्रवारी मी पेव्हर ब्लॉकची गाडी सांगून ठेवलीय. तुम्ही फक्त तेवढी वाळू उचलून घ्या."

निकमसरांचा खिशाकडे निघालेला हात मध्येच थांबला. "आणि नसेल मिळाली तर?"

"मग काय करणार," वीरधवल वैतागून म्हणाला. "सरकारी मुद्देमालाला केस संपेपर्यंत कोण हात लावणार? मला काय माहीत हे लोक जागेवरच ठेवतील. मला वाटलं उचलून नेतील." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो मोबाइलमध्ये काहीतरी बघू लागला.

मोकळ्या जागेवर धरण नुकतंच फुटलं होतं. राजेश्वरी कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि आज पहिल्यांदाच ती खालून भिंत रुंद करत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडे मल्हार खड्यांना मोठमोठ्याने रागावत होता. शब्द कळत नव्हते, पण त्यात हरणाबाईंचा सूर स्पष्ट होता. निकमसर ते बघत राहिले. एका बाजूला त्यांची अब्रू होती, घडी घातलेली, छातीला लागून. ती परत मिळवायला त्यांना फक्त खिशात हात घालायचा होता.

"नाही मिळाली," ते म्हणाले.

हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं ठोक खोटं. ते इतकं सहज निघालं याचं त्यांना पुढे दोन दिवस नवल वाटत होतं. मंगलताईंना त्यांनी पावती दाखवली आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता दर महिन्याला तुम्ही कचेरीत जाऊन बसणार, आणि तो शिपाई तसाच ओरडणार."

"ओरडू दे."

"लोक वाळूचोर म्हणतील."

"म्हणू दे."

मंगलताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नानंतर छत्तीस वर्षांत हा माणूस दोनदा लागोपाठ असं काही बोलला नव्हता. त्या आत गेल्या आणि पावती देवघरातल्या पोथीखाली ठेवून आल्या.

वीरधवलने शुक्रवारी गाडी आणलीच. ब्लॉकनी भरलेला ट्रक मोकळ्या जागेशी लागला तेव्हा निकमसर वाळूच्या ढिगावर उभे होते. पायाखाली कारखान्याचं धुराडं येणार नाही एवढी काळजी घेऊन. शेजारी हरणाबाई, आणि थोड्या अंतरावर, कोणाच्या बाजूने ते अजून न ठरवलेल्या चंद्राबाई.

"सर, आपण बाजूबाजूने टाकू," वीरधवल म्हणाला. "तुमची वाळू तेवढी एका कोपऱ्यात सरकवतो."

निकमसरांनी कागद उघडला आणि प्रयोगशाळेत सूचना वाचत त्या आवाजात वाचला. जप्त मुद्देमाल. जागेवरून हलवू नये. घट होऊ देऊ नये. मग ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाले, "तुमचं नाव आणि गाडीचा नंबर सांगा, मला भाऊसाहेबांना कळवावं लागेल."

ड्रायव्हरने इंजिन बंदच केलं नव्हतं. "मुद्देमाल हाय व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई गड्या," तो म्हणाला आणि ट्रक मागे घेऊ लागला.

वीरधवलचा गोडवा पहिल्यांदाच संपला. "सर, तुम्ही एवढे शिकलेले. पोलीस केस झालेल्या माणसासारखे कचेरीत चकरा मारता. लाज नाही वाटत?"

"वाटते," निकमसर म्हणाले. "फार वाटते. पण नकाशात ही जागा मुलांची आहे. तुम्ही ती रीतसर मुलांची करून द्या, घमेली घेऊन मी स्वतः वाळू उचलतो. तोपर्यंत मी अवैध आहे आणि अवैधच राहणार. आणि एक सांगतो, मी सर नाही. लॅब असिस्टंट होतो. तेही ग्रुपवर टाका."

चंद्राबाई पुढे आल्या आणि हरणाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. "टाका," त्या वीरधवलला म्हणाल्या. "नाहीतर मी टाकते. शिवाय तक्रार कोणी केली होती तेही टाकते."

ते त्यांना कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. वीरधवल निघून गेला.

आता तिसरा महिना चालू आहे. निकम तारखेला कचेरीत जातात, शिपाई ओरडतो, ते ताठ मानेने आत जातात. खिडकीतल्या बाई विचारतात, पावती मिळाली का. ते सांगतात, शोधतोय. मुलं आता सात झाली आहेत. मल्हार एवढं बोलतो की सोनिया रात्रपाळी करून आली की त्याला हात जोडते.

गेल्या गुरुवारी भाऊसाहेब मुद्देमालाच्या तपासणीला आले. घमेल्याने मोजणी झाली. राजेश्वरी आता एकोणीसनंतर वीस म्हणते. एकवीस घनफूट भरली, तसूभरही कमी नाही. भाऊसाहेबांनी 'घट नाही' असं लिहिलं, पण ते निघाले नाहीत. बूट रुतवून ढिगाच्या कडेला उकिडवे बसले आणि धरणात पाणी सोडेपर्यंत थांबले. पाणी आलं. भिंत ओली झाली, एका जागी फुगली. सगळे श्वास धरून होते, सरकार धरून. भिंत टिकली. राजेश्वरीने कोणाकडेही पाहिलं नाही. ती फक्त हात झटकून पुढच्या कामाला लागली.

"पावतीचं काय, निकम?" भाऊसाहेबांनी उठता उठता विचारलं.

"शोधतोय."

"हं," भाऊसाहेब म्हणाले. "सावकाश शोधा."

ते फाटकापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी पाय हलवून पाहिला आणि मोटारसायकलला किल्ली न लावताच परत आले. ढिगाजवळ येऊन एका पायावर उभं राहत त्यांनी बूट काढला, उलटा केला, आणि आतली चिमूटभर वाळू टाचेवर टिचक्या मारून शेवटच्या कणापर्यंत खाली पाडली. मग दुसराही झाडला.

"मुद्देमाल हाय," ते म्हणाले.